वाटेत मागितलेलं मीठ

फार पूर्वीची, मोटारी नव्हत्या आणि वाट चुकली तर माणसालाच विचारावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सुतार राहत होता. बैलगाडी घडवावी तर त्यानंच. लोक म्हणायचे, सुताराची गाडी म्हातारी होईल, पण वाटेत बसणार नाही.

सुतार हाताचा जसा पक्का होता, तसा मनाचाही चांगला होता. कुणाचं चाक निखळलं, तर हातातला घास ठेवून उठायचा. अडल्यानडल्याला लाकूड द्यायचा, घरातलं धान्य द्यायचा आणि दिलेलं विसरून जायचा. पण कुणाकडून काही घ्यायची वेळ आली, की त्याच्या कपाळाला आठी पडायची. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं, तरी वाटी जशीच्या तशी परत जायची.

याला कारण होतं. तो लहान असताना, एका वाईट साली, त्याच्या बापानं गावातल्या एका घरून पाटीभर जोंधळे आणले होते. जोंधळे कधीच संपले, पण देणाऱ्याची आठवण काही संपेना. दर सणाला, चारचौघांत, तो त्या पाटीचा विषय काढायचा आणि बापाची मान खाली जायची. पोरानं ते पाहिलं आणि मनाशी गाठ मारली: देईन, पण घेणार नाही. गाठ चांगल्या मनानं मारली होती. तरी गाठ ती गाठच, वर्षं गेली तशी ती घट्ट होत गेली.

सुताराची बायको डोंगरापलीकडच्या माळावरची होती. वर्षा-दोन वर्षांनी तो तिला माहेरी पोचवायला जायचा, तेव्हा सोबत स्वतःची भाकरी आणि स्वतःचं पाणी न्यायचा. सासू बिचारी दारात तांब्या भरून आणायची. जावई त्या तांब्याला बोट लावायचा, नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "असू द्या. काही नको." सासू भरलेला तांब्या भरलेलाच आत न्यायची. ती कधी बोलली नाही. पण लेकीला तिचा चेहरा दिसायचा, आणि लेकीला ते फार लागायचं.

एकदा काय झालं, बांगड्या विकत फिरणारा एक कासार माळावरून गावात आला. त्यानं सुताराच्या दारात टोपली उतरवली आणि बायकोला म्हणाला, "ताई, तुमच्या आईनं अंथरूण धरलंय. लेकीला एकदा बघायचं म्हणतायत. निघायचं तर लवकर निघा."

बायकोच्या हातातलं सूप तिथंच राहिलं. ती सुताराला म्हणाली, "अहो, उद्याच निघू या."

"निघू या तर खरंच," सुतार म्हणाला. "पण लांबचा पल्ला आहे. आधी गाडी नीट करू दे."

सुतारानं गाडी नीट करायला घेतली. आधी चाकं काढली. त्यावरच्या लोखंडी धावा जरा झिजल्या होत्या, त्या बदलल्या. मग दोन्ही चाकं जोडणारा आख तपासला. तो चांगला होता, तरी नवा बाभळीचा घडवला. बरं, वाटेत आख मोडला तर? म्हणून आणखी एक आख घडवला आणि गाडीखाली बांधला. चाक गेलं तर? म्हणून एक जादा चाक. जू मोडलं तर? एक जादा जू. वंगण, दोर, पहार, करवत, हातोडा. बैलांसाठी कडबा आणि पेंड, तीही परतीच्या वाटेपर्यंत पुरेल इतकी. पीठ, डाळ, तेल, तिखट, मीठ. चूल. चुलीसाठी लाकडं. आणि कुणाच्या विहिरीवर जायला नको म्हणून पाण्यानं भरलेले माठ, एकाला एक टेकवून.

गावातले लोक येता-जाता थांबायचे. एक म्हातारा म्हणाला, "सुतारा, घरालाच चाकं लाव की. उतरवा-चढवायची कटकट नको." सगळे हसले. सुतारही हसला. पण मनातून त्याला बरं वाटलं. एवढी तयारी कुणी केली होती आजवर?

बायको मात्र रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायची, "झाली का तयारी?"

"उद्या होईल."

"आई थांबेल का हो?"

"अगं, अर्धवट तयारीनं निघालो आणि वाटेत मोडलो, तर तुला आईपाशी कोण पोचवणार? वाटेवरच्या लोकांपुढे हात पसरायचे का?"

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण कासार आला तेव्हा आभाळात चंद्राची नुसती कोर होती, आणि गाडी गावाबाहेर पडली तेव्हा चंद्र अर्ध्याच्या वर भरला होता.

तांबडा आणि बांडा असे सुताराचे दोन बैल होते. चांगले दांडगे होते, पण भरल्या गाडीचं जू मानेवर आलं तशी त्यांची पावलं जड पडू लागली. डोंगराचा चढ चढताना सुतार खाली उतरून चालला. बायकोही उतरून चालली. गाडी माणसांसाठी होती, पण माणसांना बसायलाच तीत जागा नव्हती.

डोंगर उतरला आणि माळ सुरू झाला. माळ म्हणजे नुसता माळ. लांब लांब गावं, मधे ना झाड ना विहीर. पहिल्या गावाच्या वेशीवर लिंबाखाली एक माणूस बसला होता. गाडी दिसताच तो उठून वाटेवर आला.

"राम राम, पाव्हणं. काय उणं?"

"काही नाही," सुतार ताठ मानेनं म्हणाला. "सगळं आहे."

त्या माणसानं लादलेल्या गाडीकडे एकदा पाहिलं. "बरं बाबा. सुखानं जा," असं म्हणून तो परत लिंबाखाली जाऊन बसला.

गाडी पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, आजवर मी बोलले नाही, पण काहीतरी मागायचं असतं. आमच्या माळावरची रीत आहे ती. काय उणं विचारलं, की काही उणं नसलं तरी एक काहीतरी मागायचं. घोटभर पाणी मागा, विस्तव मागा. आपण घेतलं, की ते लोक टेकाडावर ओलं गवत पेटवून धूर करतात. पुढच्या गावाला धूर दिसतो. गाडी येतेय हे त्यांना कळतं. दिवस मावळेपर्यंत गाडी आली नाही, तर ते शोधायला निघतात."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर धूर करत नाहीत. ज्यानं आपलं काही घेतलं, तो आपला झाला, असं धरतात. ज्याला काही नको, त्याला आपणही नको, असं समजून त्याच्या वाटेला जात नाहीत."

सुतार हसला. "मी काय हरवायला निघालोय? आणि उणं नसताना मागायचं म्हणजे भीकच की ती."

"भीक नाही हो," बायको म्हणाली. पण हे त्याला कसं सांगावं, ते तिला सुचेना. लहानपणापासून जे पाहिलं ते समजावून सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या गावातही तसंच झालं. तिथल्या लोकांनी तर रात्री चावडीत निजायला बोलावलं. "बाईमाणूस संगं हाय, उघड्यावर कशाला?" असं म्हणाले. सुतारानं हात जोडले, आणि गावाबाहेर स्वतःची चूल मांडून स्वतःच्या पाण्यावर स्वतःची डाळ शिजवली. गावातून भाकरी भाजल्याचा वास येत होता. बायको जेवली, पण तिला घास गोड लागला नाही. आपल्याच माहेरच्या वाटेवर आपण परके होऊन चाललोय, असं तिला वाटलं.

तिसरं गाव वाळूच्या नदीच्या अलीकडे होतं. या नदीला पावसाळ्यापुरतंच पाणी असे. बाकीचे महिने नुसती वाळू, पार दुसऱ्या काठापर्यंत. गावाशी पोचले तेव्हा सकाळ होती. एक चाक कुरकुरत होतं, म्हणून सुतारानं गाडी थांबवली आणि वंगण घालायला तो गाडीखाली शिरला. तेवढ्यात बायको पाठीमागच्या पायवाटेनं गावातल्या पहिल्या घरी गेली.

उंबऱ्यात एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. बायकोची जीभ आपसूक माहेरच्या वळणावर गेली.

"आजे, चिमूटभर मीठ दे की."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मग वाकून वाटेवरच्या गाडीकडे पाहिलं. "बये, तुमच्या गाडीत तर अख्खा बाजार दिसतुया. मीठ न्हाई व्हय त्यात?"

"हाय की. पर ते घरचं हाय. मला वाटंवरचं पायजे."

म्हातारीला काय समजायचं ते समजलं. तिनं आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, बायकोच्या पदराच्या टोकाला बांधलं आणि विचारलं, "कुटं निगालीस?"

"आईला बगाय. लई आजारी हाय."

"पोच हो लवकर," म्हातारी म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

बायको परतली तेव्हा सुतार हात पुसत होता. तिनं काही सांगितलं नाही. गाडी नदीच्या उताराला लागली, तेव्हा मागं टेकाडावर पांढरा धूर चढताना सुताराला दिसला.

"बघ गं," तो म्हणाला, "कुणासाठी धूर करतायत कोण जाणे. आपल्या मागंपुढं तर एक गाडी नाही."

बायकोनं पदराची गाठ मुठीत धरली.

वाळूत गाडी शिरली तशी चाकं रुतायला लागली. बैल मान खाली घालून ओढत होते. सुतार मागून खांदा लावत होता. अर्धी नदी अशीच पार झाली. मग डावं चाक एका खळग्यात गेलं, सगळं ओझं त्या अंगाला कललं आणि कडाड असा आवाज झाला. नवा बाभळीचा आख मधोमध मोडला. गाडी डाव्या कुशीवर बसली. सगळे माठ घरंगळले, एकमेकांवर आदळले आणि फुटले. पाणी वाळूवर पसरलं, आणि बघता बघता वाळूनं ते पिऊन टाकलं.

सुतारानं वाकून आख पाहिला. लाकडात कीड नव्हती, गाठ नव्हती. लाकूड चांगलंच होतं. ओझं जास्त होतं. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं असतं? तरी आणखी एक माठ, आणखी एक पोतं असं करत त्यानंच ते चढवलं होतं.

"घाबरू नकोस," तो बायकोला म्हणाला. "जादा आख आहे."

खरंच होता. पण मोडलेला आख काढायचा, तर गाडी उचलायला हवी. सुतारानं बैल सोडले. पोती उतरवली, चाक उतरवलं, चूल उतरवली, लाकडं उतरवली. मग पहार लावली. पहारीखाली दगड ठेवला, तर दगड वाळूत गेला. लाकडाचा ओंडका ठेवला, तर तोही गेला. सुतार खांदा लावायचा तेव्हा आख बसवायला कुणी नसायचं, आणि आखाशी गेला तर खांदा लावायला कुणी नसायचं. बायकोनं जीव तोडून जोर लावला. तिच्या तळहाताची सालं निघाली, पण गाडी हलली नाही.

दुपार टळली. ऊन वाळूतून वर येत होतं. तांबडा बसला तो उठेना. सुतारानं चहूकडे पाहिलं. वाळूवर सगळं मांडलेलं होतं: चाक, जू, दोर, हत्यारं, पेंड, पीठ. काय नव्हतं? फक्त चार खांदे नव्हते, आणि घोटभर पाणी नव्हतं.

बायको एका पोत्यावर बसली. ती रडत नव्हती. फक्त पैलतीराकडे बघत होती. तिचं माहेर त्याच बाजूला होतं.

"मी मागं गावात जाऊन येतो," सुतार म्हणाला. पण तो उठला नाही. काही नको म्हणून ताठ मानेनं पार केलेली गावं त्याच्या डोळ्यांपुढे आली. या गावात तर त्यानं कुणाकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. आता कुठल्या तोंडानं जायचं? तो तसाच बसून राहिला आणि ऊन उतरत गेलं. बायको आईसाठी तळमळत होती आणि तो आपल्या मानासाठी अडून बसला होता, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

दिवस मावळला. पश्चिमेला तांबूस उजेड राहिला होता, तेवढ्यात पैलतीरावरून माणसं उतरताना दिसली. कुणाच्या हातात टेंभा, कुणाच्या खांद्यावर दोर. दोन बायका डोक्यावर घागरी घेऊन येत होत्या. सगळ्यांच्या पुढे एक उंच म्हातारा होता. जवळ येताच त्यानं विचारलं, "धूर तुमच्यासाठीच व्हता न्हवं? वाटंत मागितलं कुनी?"

सुतारानं चमकून बायकोकडे पाहिलं. तिनं पदराची गाठ वर करून दाखवली आणि म्हणाली, "मी. मीठ मागितलं व्हतं."

"सकाळी धूर दिसला," म्हातारा म्हणाला. "दिवस मावळला तरी गाडी आली न्हाई. म्हनून आलो." मग तो सुताराकडे वळला. "गाडीवालं, काय उणं?"

कुणीही गाडीला हात लावला नव्हता. सगळे उभे होते. त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच होतं? आख मोडलेला दिसत होता, बसलेला बैल दिसत होता. पण त्यांची रीत अशी, की गाडी ज्याची त्यानं तोंडानं सांगायचं. न मागता हात घालणं म्हणजे त्याला लहान करणं, असं ते मानत.

सुताराच्या ओठांवर जुनं उत्तर आलं होतं. काही नाही, सगळं आहे. बापाची खाली गेलेली मान त्याच्या डोळ्यांसमोर आली. बायको त्याच्याकडे बघत होती. तिचं मागून झालं होतं. आता पाळी त्याची होती.

तेवढ्यात त्याची नजर बांड्याकडे गेली. मुकं जनावर फुटक्या माठाची खापरी चाटत होतं. खापरी कधीच कोरडी झाली होती, तरी चाटत होतं.

सुतार म्हाताऱ्याकडे वळला. "पाणी उणं आहे, बाबा," तो म्हणाला. "माणसं उणी आहेत. मी सगळं आणलं, पण हे मला एकट्याला जमत नाही. हिला आईपाशी पोचायचंय. आम्हाला हात द्या."

"एवढंच ना?" म्हातारा म्हणाला.

घागरी बैलांपुढे आणि माणसांपुढे आल्या. सहा-सात खांदे गाडीखाली गेले. दिवसभर न हललेली गाडी एका हाकेत उचलली गेली. सुतारानं मोडका आख काढला, नवा सारला, चाकाची खीळ ठोकली. त्याचा हात सराईत होता आणि टेंभ्याचा उजेड पुरेसा होता. काम व्हायला फार वेळ लागला नाही.

काम झालं आणि सुतार वाट बघू लागला. आता कुणीतरी बोलणार. आता टोमणा येणार. एवढं सामान घेऊन निघाला होतास, मग काय झालं? असं कुणीतरी म्हणणारच. पण कुणी काही म्हटलं नाही. ते दोर गुंडाळत होते आणि बैलांच्या पाठी चोळत होते.

त्याला राहवलं नाही. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, हे मी कसं फेडू? एका पाटीभर जोंधळ्यासाठी माझ्या बापाला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं."

म्हातारा वाळूवर टेकला. "मीठ खाल्ल्याल्यानं मिठाला जागावं, आसं समदी सांगत्यात," तो म्हणाला. "आमच्या माळावर मीठ देनारानंबी जागायचं आसतं. हिनं आमच्या शेजारगावचं मीठ घेतलं, मग ही पोचली का न्हाई ते बगनं आमचं काम. तुज्या बापाला देनारा मानूस खोटा निगाला, लेकरा. त्याला तू काय करनार? पर त्येच्यापायी घेनं खोटं ठरत न्हाई. त्या एका दारापायी तू किती दारांवरनं तसाच गेलास, त्ये मोज एकदा."

सुतारानं मोजलं नाही. मोजायला बसला असता, तर सगळ्यात आधी एक भरलेला तांब्या त्याच्यापुढे आला असता. तो आलाच.

ती रात्र त्यांनी पैलतीराच्या गावात काढली. तिथल्या चुलीवरची भाकरी सुतारानं खाल्ली. पहिला घास त्याला गिळवेना. दुसरा गिळला.

पहाटे उठून त्यानं गाडीत फक्त हत्यारं, एका वेळचा कडबा आणि बायको एवढंच घेतलं. बाकीचं सामान गावाच्या हवाली केलं. हलकी गाडी वाऱ्यासारखी निघाली. पुढच्या गावाच्या वेशीवर एक बाई वाटेवर आली. तिनं विचारायच्या आत सुतार म्हणाला, "बाई, ताक असलं तर द्या थोडं." त्याच्या पुढच्या गावात त्यानं बैलांसाठी सावली मागितली. मागं टेकाडावर धूर चढत होता, आणि पुढच्या वेशीवर माणसं आधीच येऊन उभी असायची. बायको आपल्या नवऱ्याकडे बघायची आणि तोंड वळवून डोळे पुसायची.

माहेर आलं तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात माणसं बसली होती. भावजय धावत आली आणि गळ्यात पडली. "आत्या हायत," ती म्हणाली. "हायत अजून. पर बोलनं गेलं. चंद्र अर्धा झाला, तवर बोलत होत्या. रोज विचारायच्या, धूर दिसतोय का? आम्ही टेकाडावर जाऊन बगायचो. दिसला की सांगतो म्हनायचो."

बायकोनं हे ऐकलं आणि ती आत गेली. सुतार अंगणातच उभा राहिला. चंद्राची कोर असताना कासार आला होता. चंद्र अर्धा झाला तेव्हा तो दुसऱ्या आखाला रंधा मारत होता.

मग तोही आत गेला. सासू अंथरुणावर पडली होती. शरीर चिमणीएवढं झालं होतं. लेकीनं तिचा हात आपल्या गालाला लावून धरला होता, आणि म्हातारीचे डोळे लेकीच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. ओठ हलायचे, पण शब्द यायचा नाही.

उशाशी पाण्यानं भरलेला एक तांब्या होता. भावजय हळूच म्हणाली, "त्यो रोज सकाळी भरून ठेवाय लावायच्या. जावई येतील म्हनायच्या. आम्ही म्हनायचो, आत्या, ते कुटं पितात? तरी भरून ठेव म्हनायच्या. बोलनं गेल्यावर बी बोटानं दाखवायच्या."

सुतार जमिनीवर बसला. इतकी वर्षं तो सासूला 'अहो' म्हणत आला होता. आज म्हणाला, "आई."

म्हातारीचे डोळे त्याच्याकडे वळले.

"आई, मला उणं आहे. मला घोटभर पाणी द्या."

म्हातारीचा हात तांब्याकडे गेला. तिला तो उचलवेना. लेकीनं खालून आपला हात लावला. सुतारानं ओंजळ पुढे केली. पाणी थोडं ओंजळीत पडलं, थोडं अंथरुणावर सांडलं. तो प्यायला. पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायला. तांब्या रिकामा होईपर्यंत तो पीत राहिला. म्हातारीनं रिकाम्या तांब्यात वाकून पाहिल्यासारखं केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात यायच्या आत ती गेली.

सगळं आटोपल्यावर बायको ओसरीवर बसली होती. सुतार तिच्याशेजारी जाऊन बसला. ती म्हणाली, "भेट झाली. तुम्ही पाणी प्यालात, तेही तिनं पाहिलं. पण माझ्याशी बोलली असती हो. चार दिवस बोलली असती."

सुतारानं मान खाली घातली. याची भरपाई त्याच्या कुठल्याच लाकडात नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "माझं चुकलं." बायकोनं त्याच्या हातावर हात ठेवला, पण चुकलं नाही असं काही ती म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर नदीकाठच्या गावानं त्याचं सामान जसंच्या तसं काढून ठेवलं होतं. त्यानं ते परत भरलं नाही. जादा चाक आणि जू तिथल्या चावडीत ठेवलं, ज्याला लागेल त्यानं घ्यावं म्हणून. नदी ओलांडल्यावर तो मीठ देणाऱ्या त्या म्हातारीच्या घरी गेला, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि तिच्याकडून आणखी चिमूटभर मीठ मागून घेतलं.

सुतार पुढे पुष्कळ वर्षं जगला. पुष्कळ गाड्या त्यानं घडवल्या. गाडी न्यायला कुणी आलं, की तो चाकं फिरवून दाखवायचा, आख ठोकून दाखवायचा, वंगण कधी घालायचं ते सांगायचा. आणि गिऱ्हाईक निघताना म्हणायचा, "लांब जायचं असलं तर तयारी नीट करा. सगळं घ्या. फक्त मीठ तेवढं घेऊ नका. ते वाटेत मागा."

लोकांना नवल वाटायचं. एखादा विचारायचा, "का हो?" सुतार काही सांगायचा नाही. ओसरीवर बसलेली त्याची बायको सांगायची. म्हणूनच ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली.

तात्पर्य: वाटेला लागताना गाडी जरूर नीट करावी, पण दुसऱ्याच्या हाताला तीत थोडी जागा ठेवावी, कारण ज्याला कुणाचंच काही नको असतं, त्याची वाट बघणारंही कुणी उरत नाही.